गिरणी वारसा यादीत आणायची तर: मोजणीपासून राजपत्रापर्यंत

वारसा यादीत प्रत्येक वास्तूला जेमतेम एक ओळ मिळते. नाव, पत्ता, नगर भूमापन क्रमांक, श्रेणी आणि कोणत्या मूल्यासाठी नोंद झाली त्याचा उल्लेख. वीस वर्षांनी विकासकाचा आर्किटेक्ट, पालिकेचा अभियंता आणि न्यायालय या तिघांच्या पुढ्यात असते ती हीच ओळ. तिच्यात नुसतं ‘गिरणीची चिमणी’ लिहिलेलं असेल, तर चिमणी राहते आणि तिच्या पायथ्याचं बॉयलर हाऊस, इंजिन हाऊस, साचाखात्याची (विणकाम विभागाची) शेड हे सगळं अगदी कायदेशीरपणे जमीनदोस्त होतं. उरलेली चिमणी कशाचा धूर सोडत होती, हे मग पाटी लावून सांगावं लागतं.

म्हणून गिरणी, जिनिंग-प्रेसिंग, तेलघाणी, कागद कारखाना किंवा रेल्वेची कार्यशाळा यादीत आणायची खटपट म्हणजे शेवटी ती ओळ नीट लिहून घ्यायची खटपट. खालची माहिती महाराष्ट्रातल्या पद्धतीला धरून आहे आणि मुख्यतः कापड गिरण्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे, कारण आपल्याकडे सर्वांत जास्त पाडल्या गेल्या त्या गिरण्याच.

आधी दार ठरवा

संरक्षणाची तीन दारं आहेत. १९५८ च्या केंद्रीय कायद्याखाली राष्ट्रीय संरक्षित स्मारक, १९६० च्या राज्य कायद्याखाली राज्य संरक्षित स्मारक, आणि तिसरं म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ खालच्या विकास नियंत्रण नियमावलीतली वारसा यादी.

कारखान्यांना जवळजवळ नेहमी तिसरंच दार लागू पडतं. केंद्रीय स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. गिरण्या भर वस्तीत उभ्या आहेत, त्यामुळे असा प्रस्ताव आला की आजूबाजूच्या चाळींचा पुनर्विकास अडतो आणि सगळा मोहल्ला विरोधात जातो. शिवाय स्मारक झालेली इमारत रोजच्या वापरात आणणं कठीण. वारसा यादीत मात्र नवा वापर गृहीतच धरलेला आहे आणि कारखान्याची प्रशस्त शेड टिकवायची तर तिला काम मिळायलाच हवं.

मुंबईत ही व्यवस्था १९९५ पासून आहे. आता ती विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ च्या नियम ५२ मध्ये येते, आणि सल्ला देते मुंबई वारसा जतन समिती. गिरणीच्या जमिनींसाठी त्याच नियमावलीत नियम ३५ वेगळा आहे, तेव्हा मुंबईत दोन्ही एकत्र वाचावे लागतात. राज्यातल्या इतर बहुतेक शहरांना २०२० ची एकत्रित नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर, लागू आहे आणि तिच्यातही वारसा वास्तूंचे नियम आहेत. आपल्या शहरात समिती नेमलेली आहे का, तिची मुदत संपलेली तर नाही ना, हे पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या. समितीच अस्तित्वात नसेल तर पहिलं पत्र समिती नेमण्यासाठीच द्यावं लागतं.

जमिनीचे कागद

मालमत्ता पत्रक, सातबारा असल्यास तोही, नगर भूमापन नकाशा, आणि विकास योजनेचा भाग नकाशा अभिप्रायासह. एवढं हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नका. गिरणीची जमीन बहुधा एका क्रमांकाची नसते. आधी पाच-सहा तुकडे एकत्र केलेले असतात, गिरणी बंद पडल्यावर पुन्हा पोटविभाजन होतं आणि बॉयलर हाऊस एका क्रमांकात तर गोदाम दुसऱ्यात जातं. प्रस्तावात फक्त मूळ क्रमांक टाकला तर नव्या क्रमांकातली इमारत यादीबाहेर राहते. जुने-नवे सगळे क्रमांक शेजारी-शेजारी मांडा आणि कोणती इमारत कोणत्या क्रमांकात येते ते नकाशावर रंगवून दाखवा.

मालक कोण आहे तेही इथेच कळतं. १९७४ आणि १९९५ च्या राष्ट्रीयीकरणात गेलेल्या गिरण्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे आहेत. काही जमिनी भाडेपट्ट्याच्या असतात, तेव्हा पट्टा देणारा आणि घेणारा दोघांनाही पक्षकार धरावं लागतं. दिवाळ्यात निघालेल्या कंपनीची मालमत्ता न्यायालयाने नेमलेल्या अवसायकाच्या ताब्यात असते आणि आत पाऊल टाकायलासुद्धा त्याची लेखी परवानगी लागते. ती न घेता काढलेले फोटो सुनावणीत उलटतात.

जे कागद सरळ मिळत नाहीत ते माहितीच्या अधिकारात मागा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून ‘गिरणीची सर्व माहिती’ मागू नका. ‘अमुक क्रमांकावरील मंजूर बांधकाम नकाशांच्या प्रती’ हा एक अर्ज, ‘पाडकामाच्या परवानग्या’ हा दुसरा.

इमारत वाचायला शिका

कारखान्याच्या वारशात सर्वांत मोठी चूक इथे होते. दर्शनी भिंतीचे, कमानीचे आणि घड्याळाचे फोटो निघतात आणि शेड ‘पत्र्याची शेड’ म्हणून सोडून दिली जाते. खरं तर गिरणीची अक्कल त्या शेडमध्येच आहे.

साचाखात्याचं छप्पर करवतीच्या दात्यांसारखं असतं. प्रत्येक दात्याची उभी बाजू काचेची आणि उत्तरेला तोंड केलेली, कारण उत्तरेकडून सावलीचा सारखा उजेड येतो, ऊन मागावर पडत नाही आणि तुटलेला धागा दिसतो. आधी होकायंत्र लावून काचांची दिशा नोंदवा. रस्ता तिरका असूनही शेड उत्तर धरून बांधलेली आढळली, तर इमारत रस्त्यासाठी नव्हे, उजेडासाठी आखली होती याचा तो पुरावा आहे. टिपणात तसं लिहा.

दोन दात्यांच्या मध्ये पन्हळ असते आणि पन्हळीच्या खाली बिडाच्या खांबांची रांग. यातला एक खांब नीट पाहा. बीड साच्यात ओतलेलं असतं, त्यामुळे पृष्ठभाग बारीक दाणेदार लागतो आणि समोरासमोरच्या दोन बाजूंना साच्याच्या जोडाची पुसट उभी रेघ बोटाला जाणवते. रिवेट दिसले तर ते बीड नव्हे, घडीव लोखंड किंवा पोलाद. खांबाच्या तळाशी, डोळ्यांच्या उंचीवर किंवा माथ्याच्या कंगोऱ्यात ओतशाळेचं नाव उठावात असतं. पंधरा थर रंगाखाली ते बुजलेलं असतं. रंग खरवडू नका. कागद लावून मऊ पेन्सिलीने घासलं की अक्षरं कागदावर उमटतात. पोलादी तुळयांवरही लाटताना उमटवलेलं नाव दर काही फुटांवर येतं आणि कौलांच्या पोटावर कारखान्याचा शिक्का असतो.

बरेच खांब पोकळ असतात आणि विणकामाच्या शेडमध्ये त्यातलेच काही पन्हळीतलं पावसाचं पाणी खाली नेतात. कल्पना हुशारीची, पण बिघाडाचं मूळही तेच. पन्हळ पिंपळाच्या रोपाने आणि कचऱ्याने तुंबली की पाणी खांबात साचतं, खांब आतून गंजतो आणि बाहेरून मात्र धडधाकट दिसतो. अशा खांबांची यादी वेगळी करा. आणखी एक खोड म्हणजे आडवं ओतताना आतला गाभा सरकतो, त्यामुळे एकाच खांबाची जाडी एका बाजूला भरपूर तर समोरच्या बाजूला निम्मी भरते. अल्ट्रासॉनिक जाडीमापकाने एकाच उंचीवर चार बाजूंना मोजणी घ्या. एकाच ठिकाणचा आकडा फसवतो.

आता खांबाच्या वरच्या भागात बोल्टांची भोकं किंवा सपाट पाट शोधा. तिथे शाफ्टचे, म्हणजे यंत्रांना गती देणाऱ्या लांब फिरत्या दांड्याचे, कंस बसवलेले असायचे. वाफेचं एक इंजिन, त्यावरून दोर, दोरांवरून प्रत्येक मजल्याचा शाफ्ट आणि शाफ्टवरून पट्ट्यांनी यंत्रं, अशी ती साखळी. इंजिन हाऊसलगतचा अरुंद, सगळ्या मजल्यांना भेदून जाणारा उभा बोळ म्हणजे दोरांची वाट. पुढे त्याचा जिना किंवा संडास करतात आणि तो नकाशात ‘डक्ट’ म्हणून येतो. टाटांची खोपोलीची वीज १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. त्यानंतर हळूहळू शाफ्ट गेले आणि मोटारी आल्या. शेडमध्ये शाफ्टच्या खुणा आणि जमिनीत मोटारींचे चौथरे दोन्ही असतील, तर ती इमारत दोन काळ एकत्र दाखवते. हा मुद्दा नुसत्या ‘जुनी आहे’पेक्षा कितीतरी जड आहे.

विटांच्या सांध्यात चुना आहे की सिमेंट हे ओळखायला काही जण व्हिनेगरचा थेंब टाकून फेस बघतात. त्यावर विसंबू नका, सिमेंटचा जुना गिलावासुद्धा फेसाळतो. खिळ्याने ओरखडा काढा. सांध्यातला चुना भुकटी होऊन सुटतो आणि त्यात न भिजलेल्या चुन्याचे पांढरे खडे दिसतात. सिमेंटवर नुसती रेघ उठते.

चिमणीची उंची वर न चढता काढता येते. सपाट जमिनीवर एक मीटरची काठी उभी करून तिची सावली मोजा आणि त्याच मिनिटाला चिमणीची सावली मोजा. सावली पायथ्याच्या बाहेरच्या कडेपासून मोजली असेल तर तिच्यात पायथ्याची निम्मी रुंदी मिळवायची, कारण टोक मध्यावर आहे. काठीची सावली ०.८ मीटर, चिमणीची ३८ मीटर आणि पायथा ४ मीटर रुंद असेल, तर ३८ अधिक २ म्हणजे ४०, भागिले ०.८, उंची ५० मीटर. विटांत बसवलेली अक्षरं, साल, लोखंडी पट्टे, विजेचा वाहक आणि झुकाव असल्यास त्याची दिशा, हे सगळं नोंदवा.

नकाशे १:१०० प्रमाणात, खांब, खिडकी आणि कैची (छपराचा त्रिकोणी सांगाडा) यांचे तपशील १:२० मध्ये. भिंतीची जाडी खिडकीच्या चौकटीपाशी मोजा. प्रत्येक दर्शनी बाजू समोरून सरळ, काठी उभी ठेवून टिपा आणि फोटोचा क्रमांक व दिशा नकाशावर बाणाने दाखवा. छपरावर नंतरच्या काळात सिमेंटचे पत्रे आले असतील तर ते ॲस्बेस्टॉसचे असू शकतात. त्यावर चालू नका, तोडू नका.

कागदातला इतिहास

कंपनी स्थापन झाल्याचं साल आणि इमारत बांधल्याचं साल वेगळं असतं. हा घोटाळा जवळपास प्रत्येक प्रस्तावात सापडतो. कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवच्या गिरणीची कंपनी १८५४ मध्ये काढली आणि सूत निघायला १८५६ उजाडलं. आणि ज्या शेडसाठी आपण भांडतो ती कित्येकदा आगीनंतर किंवा विस्तारात पुन्हा बांधलेली असते. प्रत्येक इमारतीपुढे तिचं स्वतःचं साल लिहा आणि ते कशावरून ठरवलं तेही.

साधनं पुष्कळ आहेत. जिल्हा गॅझेटियर हे पहिलं. सोलापूरचं १८८४ चं आहे, मुंबई शहराचं १९०९ चं. १८७५ पासूनच्या गिरणी मालक संघाच्या वार्षिक अहवालांत गिरणीगणिक चात्या (सूत कातणाऱ्या यंत्राच्या) आणि मागांची संख्या येते. कुठल्या वर्षी आकडा एकदम उडी घेतो ते पाहिलं की नवी शेड कधी उभी राहिली याचा अंदाज लागतो. कारखाने अधिनियमाखाली मंजूर झालेले नकाशे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे आणि बॉयलरची नोंद बाष्पके संचालनालयाकडे असते. बॉयलरच्या पाटीवरचा नोंदणी क्रमांक उतरवून घेतला तर नोंद शोधणं सोपं जातं. मुंबईतल्या राज्य अभिलेखागारात जमीन देण्याचा जुना पत्रव्यवहार मिळू शकतो.

‘शहरातली पहिली’, ‘आशियातली सर्वांत मोठी’ असले शब्द पुरावा असल्याशिवाय वापरू नका. समितीत इतिहास जाणणारी माणसं असतात. एक दावा खोटा पडला की बाकीचे खरे मुद्देही संशयात जातात. लहान शहरात तर अशा विशेषणांची गरजच नसते. कोल्हापूरची शाहू मिल १९०६ मध्ये छत्रपती शाहू महाराजांनी काढली, एवढी सरळ गोष्ट तिथे पुरेशी वजनदार आहे.

कामगारांच्या आठवणी या ऐकीव गोष्टी म्हणून बाजूला ठेवू नका. त्रासनखातं (सूतकताईचा विभाग) कुठे होतं, भोंगा कुठे होता, पाळी सुटली की कोणत्या दारातून माणसं बाहेर पडायची, बदलीवाले सकाळी कुठे थांबायचे, हे नकाशावर कोणी लिहून ठेवलेलं नसतं. माणसाला नकाशा देऊन त्यावरच खूण करायला सांगा, तारीख टाका, संमतीची सही घ्या. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरणगावाचं आयुष्य बदललं. त्या काळात दारावर काय घडलं हे सांगणारी माणसं आता वयस्क आहेत, तेव्हा हे काम मोजणीच्याही आधी हाती घेतलं तरी चालेल.

वारसामूल्याचं टिपण

दीड ते दोन पानं, त्याहून जास्त नको. नियमावलीत निकष दिलेले असतात: वास्तुकला, इतिहास, काळ आणि वापर, सामाजिक-आर्थिक इतिहासाशी संबंध, व्यक्ती वा घटनेशी नातं, समूहातलं स्थान, तंत्रविकासाचं रूप. आपल्या इमारतीला जे तीन-चार खरोखर लागू आहेत तेवढेच घ्या आणि प्रत्येकाला इमारतीतला एक दिसणारा पुरावा जोडा.

‘ही गिरणी शहराच्या औद्योगिक वैभवाची साक्षीदार असून स्थापत्याचा उत्तम नमुना आहे’ हे वाक्य कोणत्याही गिरणीला चालतं, म्हणून ते काहीच सिद्ध करत नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘क्रमांक ३ ची शेड उत्तर प्रकाशाच्या अकरा दात्यांची असून मूळ बिडाचे खांब, लाकडी कैच्या आणि पन्हळी जागेवर आहेत. खांबांवर शाफ्टच्या कंसांचे पाट शिल्लक आहेत. शेड, इंजिन हाऊस आणि दोरांचा बोळ एकत्र पाहिल्यास वाफेची शक्ती मागापर्यंत कशी पोचत होती ते इथे आजही दिसते. यातील एक घटक गेला तर उरलेले दोन अर्थहीन होतात.’ शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. सुनावणीत मालक ‘दर्शनी भिंत ठेवतो, मागचं पाडतो’ असा तोडगा देतो, तेव्हा याच वाक्यावर उभं राहता येतं. औद्योगिक वारशाबद्दलची २००३ ची निझ्नी तगील सनद यंत्रं, इमारती आणि कामगारांचं जीवन यांचा एकत्र विचार करते. तिचा एका ओळीत उल्लेख केला तरी पुरे.

हद्द, घटक आणि श्रेणी

टिपणाला एक तक्ता जोडा. त्यात प्रत्येक घटकाला क्रमांक, साल, क्षेत्रफळ, स्थिती आणि तीनपैकी एक शेरा द्या: ‘जतन आवश्यक’, ‘बदल करून वापर शक्य’, ‘काढल्यास हरकत नाही’. तिसरा शेरा कुणालाच न देता सोडू नका. १९८० नंतरची पत्र्याची गोदामं, कँटीनचं वाढीव बांधकाम, नंतर घातलेले पोटमाळे यांच्यासाठी भांडलात तर मुख्य शेडसाठीची ताकद जाते. काय सोडायचं ते आपणच सांगितलं की काय ठेवायचं याबद्दलचं आपलं म्हणणं समिती गांभीर्याने घेते.

मुंबईत आणखी एक गोष्ट सांभाळा. गिरण्यांच्या जमिनीतून कामगारांच्या घरांसाठी वाटा निघतो. वारशाची हद्द सगळ्या भूखंडाभोवती आखली तर त्या घरांच्या आड येणारे म्हणून कामगार संघटनाच समोर उभ्या राहतील, आणि ते त्यांच्या बाजूने रास्तच असेल. हद्द घटकांभोवती आणि त्यांना जोडणाऱ्या मोकळ्या चौकापुरती आखा, मोकळी जमीन बाहेर ठेवा आणि संघटनांना नकाशा आधी दाखवा. ज्यांच्या घामाने ती इमारत चालली त्यांचा हक्क डावलून ती वाचवणं योग्य नाही.

श्रेणी म्हणजे किती बदल चालेल याचं उत्तर. श्रेणी १ मध्ये आत-बाहेर हात लावायचा तो फक्त बळकटीसाठी. २अ मध्ये बाहेरचं रूप राखून आत बदल आणि नवा वापर चालतो. २ब मध्ये त्याशिवाय त्याच भूखंडावर साजेसं वाढीव बांधकामही होऊ शकतं. श्रेणी ३ सर्वांत सैल, तिथे अटींवर पुनर्बांधणीच्या वाटासुद्धा उघड्या राहतात. गिरणीच्या मुख्य इमारतींसाठी २अ मागणं बहुधा शहाणपणाचं. श्रेणी १ मागितली की मालकाला इमारतीचा काहीच उपयोग उरत नाही असा युक्तिवाद होतो आणि तडजोडीत गाडी थेट ३ वर घसरते. एकाच संकुलात घटकानुसार वेगळी श्रेणी मागता येते.

मात्र २अ ची एक उणीव आहे: आतला भाग मोकळा राहतो. खांबांची रांग, कैच्या आणि छपराचे दाते ही कारखान्याची खरी ओळख, पण कागदावर ती ‘आतली’ ठरते. म्हणून नोंदीच्या शेऱ्यात ‘छपराचा आकार, कैच्या व खांबांची मांडणी यांसह’ हे शब्द घालायचा आग्रह धरा. यंत्रं तर इमारतीचा भागच धरली जात नाहीत. भंगारवाल्याचा ट्रक यायच्या आत त्यांची वेगळी यादी करून मालकाशी किंवा एखाद्या संग्रहालयाशी लेखी व्यवस्था करा.

धोकादायक इमारतीची नोटीस

प्रस्ताव चालू असताना इमारत हातची जाते ती बहुतेक याच मार्गाने. मुंबईत महापालिका कायद्याचं कलम ३५४, इतर महापालिकांत कलम २६४ आणि नगरपरिषदांत कलम १९५ खाली नोटीस निघते, सोबत ‘इमारत सी-१ वर्गात’ असा संरचनात्मक अहवाल असतो. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडण्याजोगी. यातल्या बऱ्याच अहवालांत काँक्रीटच्या इमारतीचे निकष चुना, बीड आणि सागवान यांना लावलेले असतात. काँक्रीटचा कठीणपणा मोजणाऱ्या रिबाउंड हॅमरचे आकडे बिडाच्या खांबाबद्दल काहीच सांगत नाहीत.

म्हणून जतनाचा अनुभव असलेल्या संरचना अभियंत्याचा अहवाल आधीच तयार ठेवा. त्यात खांबांची जाडी, पायाचा खच, कैच्यांच्या भिंतीत गेलेल्या टोकांची कूज आणि गंजाने फुगून फुटलेली दगडी बैठक यांची जागानिहाय नोंद असावी. लोखंड गंजलं की कितीतरी पट फुगतं आणि दगड फोडतं. दिसायला भयंकर, पण गंज काढून बैठक बदलली की भागतं. कुठे टेकू द्यायचे आणि काय दुरुस्त होऊ शकतं हे अहवालाने सांगावं. दोन अहवाल परस्परविरोधी असले तर मुंबईत प्रकरण तांत्रिक सल्लागार समितीकडे नेता येतं. आणि एखादा भाग खरोखरच पडायला आला असेल तर तसं प्रामाणिकपणे लिहा, त्याच्याखालून माणसं जात असतात.

अर्ज, हरकती, सुनावणी

प्रस्ताव आयुक्तांच्या नावे, प्रत समितीच्या सदस्य-सचिवांना. कोणीही नागरिक किंवा संस्था देऊ शकते, मालकच हवा असं नाही. मुंबईच्या नियमावलीत ही यादी नियमाचा भाग धरलेली नाही, त्यामुळे तिच्यात भर घालायला नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ ची फेरबदलाची लांब वाट लागत नाही. पण लोकांच्या हरकती-सूचना मागवून त्यांचा विचार करणं बंधनकारक आहे, आणि अंतिम निर्णय शासनाचा, म्हणजे नगरविकास विभागाचा. प्रसिद्ध झालेली मसुदा यादी अंतिम होईपर्यंत लागू धरावी अशी तरतूद आपल्या नियमावलीत आहे का ते शब्दशः वाचा. असेल तर मसुदा निघाल्याच्या दिवशीच बांधकाम परवानगी विभागाला तिचा दाखला देऊन पत्र द्या.

समिती जागा बघायला येते तेव्हा शेड झाडून ठेवलेली असावी, दिवे असावेत आणि हातात एकच पानाचा नकाशा असावा. अर्ध्या तासात त्यांना खांब, पाट, दोरांचा बोळ आणि चिमणी या क्रमाने फिरवा. वाफेची शक्ती ज्या वाटेने मागापर्यंत जायची तिचा असा उलटा शोध घेतला की कोणालाही ही जागा कळते.

मालकाची हरकत बहुधा पैशाची असते आणि तिला भावनेने उत्तर देऊ नका. शिल्लक राहणाऱ्या चटई क्षेत्राचा आकडा, वारसा वास्तूसाठी मिळणारा हस्तांतरणीय विकास हक्क (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क), आणि शेडचा संभाव्य वापर हे तीन आकडे वास्तुविशारदाकडून काढून ठेवा. खांब दाट असल्यामुळे वाहनतळ किंवा सभागृह तिथे बसत नाही. बाजार, कार्यशाळा, वाचनालय, प्रशिक्षण केंद्र, प्रदर्शन यांना तीच मांडणी सोयीची पडते.

सुनावणीत बोलायला पाचेक मिनिटं मिळतात. लेखी म्हणणं पृष्ठक्रमांकासह आधीच द्या आणि पोच घ्या. शिफारस मंत्रालयात गेली की तिचा जावक क्रमांक मिळवा. त्याशिवाय पाठपुरावा करता येत नाही. फाइल परत येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे जोडपत्रातले भूमापन क्रमांक आणि नकाशावरचे क्रमांक जुळत नाहीत.

राजपत्र निघाल्यावर

अधिसूचना अक्षर न् अक्षर तपासा. क्रमांकातला एक अंक, ‘शेड क्र. ३’ ऐवजी ‘शेड’, श्रेणीतल्या ‘अ’ ऐवजी ‘ब’, अशी चूक दिसली तर लगेच शुद्धिपत्रकासाठी लिहा. इमारत उभी आहे तोवरच ते सोपं असतं. प्रत नगर भूमापन कार्यालयात, बांधकाम परवानगी विभागात, विभाग कार्यालयात आणि अग्निशमन दलात पोचवा.

यानंतर जून येतो. पावसाच्या आधी पन्हळी साफ करून घ्यायला मालकाला किंवा ताबेदाराला लेखी सांगा. पिंपळाचं रोप नुसतं उपटलं तर मूळ विटांच्या सांध्यात राहून पुन्हा फुटतं, म्हणून ते कापून मुळावर औषध लावावं लागतं. निखळलेले सांधे चुन्यानेच भरावेत. सिमेंट भरलं तर ओल आत कोंडते आणि विटेचा दर्शनी पापुद्रा सुटतो. पाणी नेणाऱ्या खांबांत आता पाणी सोडू नका. पन्हळीतून वेगळा नळ बाहेरच्या भिंतीने खाली आणा आणि खांबाचं तोंड वरून झाका. पहिल्या जोरदार पावसात शेडमध्ये उभं राहून कुठे ठिबकतंय ते नकाशावर टिपा. तो नकाशा म्हणजे दुरुस्तीची पहिली यादी.